खेळण्याच्या पोटात काय आहे?

तुमच्या घरी आजी किंवा आजोबा असतील, तर एक वाक्य तुम्ही पुष्कळदा ऐकले असेल : ‘आमच्या वेळची मजा तुम्हाला काय कळणार!’ त्यापाठोपाठ यादी सुरू होते. विटीदांडू, भोवरा, गोट्या, लगोरी, सूरपारंब्या, सागरगोटे. यादी संपली की तुमच्या हातातल्या मोबाइलकडे रागाचा एक कटाक्ष. तुम्ही गप्प बसता, कारण वडीलधाऱ्या माणसांशी वाद घालू नये असे तुम्हाला शिकवलेले असते.

आज तुमच्या वतीने हा वाद मी घालतो. मात्र नंतर थोडा वाद तुमच्याशीही घालणार आहे, याची आधीच कल्पना देऊन ठेवतो.

माझे बालपण प्रवरा नदीच्या काठच्या एका खेड्यात गेले. ज्या जिल्ह्याला २०२४ पासून आपण अहिल्यानगर म्हणतो, त्याच्या उत्तर भागातली ही नदी. तेव्हाच्या खेळांची आठवण मलाही येते आणि गोडही वाटते. पण आठवण गोड असली म्हणजे ती गोष्ट चांगलीच होती, असे ठरत नाही. विटी दोन्ही टोकांना तासलेली असे आणि दांडूचा फटका बसला की ती कोठे जाईल याचा नेम नसे. विटी लागून डोळा अधू झाल्याच्या हकिकती पूर्वी गावोगाव ऐकायला मिळत. मुलींनी भोवरा फिरवलेला मोठ्यांना चालत नसे. त्यांच्यासाठी सागरगोटे, झिम्मा, फुगडी आणि कडेवर धाकटे भावंड. गुरांमागे जाणाऱ्या मुलाला लगोरीचा डाव संपेपर्यंत थांबता येत नसे, कारण तेवढ्यात म्हैस दुसऱ्याच्या उसात शिरे. तेव्हा ‘जुने ते सोने’ या म्हणीवर विसंबून सगळे जुने खेळ डोक्यावर घेण्याचे काही कारण नाही.

मग जुन्या खेळण्यांत जपण्यासारखे होते तरी काय? याचे उत्तर शोधण्यासाठी आपण खूपच जुन्या एका गाड्याकडे जाऊ.

श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद नावाचे ठिकाण आहे. १९७४ साली तेथे एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणून काढताना जमिनीत धातूच्या चार वस्तू सापडल्या : एक हत्ती, एक गेंडा, एक रेडा आणि दोन बैल जुंपलेला एक गाडा. गाडा सुमारे ४५ सेंटिमीटर लांब असून त्यात हाकणारा माणूस उभा आहे. रेडा सुमारे ३१ सेंटिमीटर उंच आहे. चारही वस्तूंचे एकूण वजन साठ किलोग्रॅमहून अधिक भरले. बहुतेक संशोधक त्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या, म्हणजे हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळातल्या मानतात. काहींना त्या याहून पुष्कळ अलीकडच्या वाटतात.

एवढ्या जड वस्तू कोणी मुलांच्या हाती दिल्या नसाव्यात. त्या एखाद्या मिरवणुकीत ओढल्या जात असाव्यात, असा अंदाज केला जातो. पण मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. रेड्याला चार पाय आहेत, तरीही त्या पायांखाली चौकट आहे आणि चौकटीला चार भरीव चाके आहेत. गेंड्यालाही चाके आहेत. पाय असलेल्या जनावराला चाके कोण लावतो? ज्याने दोरी बांधून ओढायचे खेळणे पाहिले आहे, तो! हडप्पा संस्कृतीच्या गावांतून भाजक्या मातीचे छोटे गाडे आणि चाके पुष्कळ मिळालेली आहेत. दायमाबादचा कारागीर लहानपणी अशाच एखाद्या खेळण्याशी खेळला असेल, असे मला उगाचच वाटते. याला पुरावा काही नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या गाड्याचे चित्र पाहिले, तर तुम्हाला तो पूर्णपणे समजतो. हे चाक, ही आख, हे जू, ही दांडी. बैल पुढे गेले की जू पुढे जाते, जुवामागे दांडी आणि दांडीमागे चाके. गाडा करणारा आपल्यापासून इतका दूर असूनही त्याच्या गाड्याचे काहीएक आपल्यापासून लपलेले नाही. याच्या शेजारी तुमची गेल्या वाढदिवसाची, दूरनियंत्रकावर चालणारी मोटार ठेवा. ती का चालते? आणि पंधरा दिवसांनी चालेनाशी झाली, ती का? बहुधा तुम्हाला सांगता येणार नाही. तिचे पोट बंद आहे.

जुन्या खेळण्यांत जपण्यासारखे होते ते हेच : त्यांचे पोट उघडे असे. माझे म्हणणे एवढेच आहे. त्यासाठी मला सर्वांत जवळचे खेळणे घेऊन बोलू द्या. ते म्हणजे ज्वारीच्या ताटाची बैलगाडी.

पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी या भागांत रब्बीची ज्वारी पुष्कळ होत असे. आता तिचे क्षेत्र कमी झाले आहे आणि पाण्याखालच्या पट्ट्यात तर सगळीकडे ऊस. पण माघ-फाल्गुनात ज्वारीची काढणी झाली, कणसे खुडली आणि कडब्याची गंज रचली, की आम्हा मुलांचा कारखाना सुरू होई. गंजीतून चांगले वाळलेले, सरळ ताट ओढून काढायचे. पेऱ्यापेऱ्यावर ते मोडायचे. दाताने किंवा नखाने साल सोलायची. ही साल पात्यासारखी धारदार असते आणि बोट कापले नाही असा दिवस नसे. आतला पांढरा, हलका गाभा म्हणजे भेंड. भेंडाचे तुकडे एकमेकांना जोडायला सालीच्या बारीक काड्या किंवा बाभळीचे काटे. दोन लांब तुकड्यांच्या दांड्या, आडव्या तुकड्यांचा साटा, पुढे जू, जुवाला भेंडाचेच बैल आणि त्यांना काट्यांची शिंगे. चाके भेंडाची केली तर फार लहान होत, म्हणून ती फाटक्या रबरी चपलेतून गोल कापून घ्यायची. अर्ध्या दिवसात गाडी तयार होई आणि संध्याकाळपर्यंत मोडे. मोडली म्हणून कोणी रडत नसे, कारण गंज तेथेच होती.

तुम्हाला कडब्याचे एक ताट मिळाले, तर पुढील गोष्ट करून पाहा. आधी सालीसकट ताट दोन्ही हातांनी वाकवा. ते चांगलेच विरोध करते. आता दुसऱ्या ताटाची साल काळजीपूर्वक काढा. नुसते भेंड बोटांनी सहज मोडते. नुसती साल पट्टीसारखी हवी तशी वाकते. मग हे दोन दुबळे एकत्र आले की एवढे बळ कोठून येते?

कांडे वाकवताना त्याची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली बाजू दाबली जाते. मध्यभागी मात्र ताण जवळजवळ नसतोच. म्हणून मजबूत पदार्थ बाहेरच्या बाजूला असला की तो खरा उपयोगी पडतो. मधले भेंड फक्त एवढेच करते की दोन्ही बाजूंच्या सालींना एकमेकींपासून दूर ठेवते आणि त्यांना चेपू देत नाही. ज्वारीच्या खोडाचा आडवा काप भिंगाखाली पाहिलात, तर पाणी व अन्न वाहून नेणाऱ्या नलिकांचे ठिपके कडेला दाट आणि मध्ये विरळ दिसतील. प्रत्येक ठिपक्याभोवती चिवट पेशींचे वेष्टन असते. वाऱ्यात माणसाहून उंच वाढून माथ्यावर भरघोस कणीस पेलायचे असेल, तर त्या झाडाला हे करावेच लागते. विमानाच्या कित्येक भागांत दोन पातळ पत्र्यांच्या मध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारखा हलका गाभा भरलेला असतो, तो याच कारणाने. किराणा दुकानातल्या पुठ्ठ्याच्या खोक्याची कड फाडून पाहा. दोन कागदांच्या मध्ये नागमोडी कागद दिसेल. तीच युक्ती!

याचे गणितही सोपे आहे. पुठ्ठ्याच्या दोन सारख्या पट्ट्या नुसत्या एकीवर एक ठेवल्या तर वाकण्याला होणारा विरोध दुप्पट होतो. त्याच पट्ट्या सगळीकडून डिंकाने घट्ट चिकटवल्या तर तो जवळजवळ आठपट होतो. जाडी दुप्पट केली की कडकपणा दोनाच्या तिसऱ्या घाताइतका वाढतो. पट्टीचे एक टोक टेबलावर दाबून धरा, दुसऱ्या टोकाला एकेक नाणे ठेवा आणि फरक मोजा.

आम्हाला हे काही ठाऊक नव्हते, हे कबूल केले पाहिजे. गाडी करणारा प्रत्येक मुलगा वैज्ञानिक झाला असता, तर आपला जिल्हा केव्हाच जगप्रसिद्ध झाला असता! पण दांडीसाठी साल ठेवायची आणि बैलासाठी सोलायची, हे मात्र आमच्या हातांना पक्के माहीत होते. पुढे शाळेत हा विषय आला तेव्हा ती ओळख उपयोगी पडली.

भोवऱ्याचेही असेच. विकत आणलेल्या भोवऱ्याची आर टोकदार असली, तर काही मुले ती दगडावर घासून किंचित गोल करीत. गोल टोकाचा भोवरा तिरपा पडला तरी फिरता फिरता सरळ उभा राहतो, कारण तिरपे असताना टोकाची कड जमिनीवर घासते आणि ते घर्षणच त्याला वर उचलते. अगदी सुईसारख्या टोकाच्या भोवऱ्याला ही सोय नसते. पण ज्या भोवऱ्यात दिवा आणि गाणे आहे, त्याची आर घासून पाहण्याचे तुमच्या मनात कधी येईल का?

तुम्ही म्हणाल, असल्या क्षुल्लक खेळण्यांतून निघणार काय? एक खरी गोष्ट सांगतो. भिंगरी तुम्हाला माहीत असेलच. सोड्याच्या बाटलीचे झाकण दगडाने ठेचून चपटे करायचे, त्याला दोन भोके पाडायची आणि दोरा ओवून पीळ द्यायचा. दोन्ही हातांनी दोरा ताणला आणि सैल सोडला की भिंगरी गरगर फिरते. पीळ सुटताना तिला वेग येतो. पीळ संपला तरी ती थांबत नाही, त्यामुळे उलट दिशेने नवा पीळ बसतो. तो पुन्हा ताणायचा. झाकणाऐवजी शर्टाचे मोठे बटणही चालते, आणि ते बरे, कारण झाकणाची कड बोटे कापते.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात मनू प्रकाश नावाचे भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ आहेत. आफ्रिकेतील युगांडा या देशात गेले असता त्यांना एका दवाखान्यात रक्त घुसळून त्याचे घटक वेगळे करणारे महागडे यंत्र दार अडवण्यासाठी ठेवलेले दिसले. यंत्र चांगले होते, पण दवाखान्यात वीज नव्हती. विजेशिवाय काय फिरवता येईल याचा शोध घेताना त्यांचे सहकारी साद भामला यांनी वेगवेगळी खेळणी तपासली आणि बटणाच्या भिंगरीचे वेगवान छायाचित्रण केले. ती मिनिटाला १०,००० ते १५,००० फेरे घेत होती! मग त्यांनी भिंगरीचे गणित मांडले, कागदाची सुधारलेली चकती केली आणि मिनिटाला १,२५,००० फेऱ्यांपर्यंत वेग नेला. २०१७ च्या जानेवारीत हे संशोधन प्रसिद्ध झाले. चकतीचे वजन सुमारे २ ग्रॅम आणि साहित्याची किंमत अमेरिकेतील वीस सेंट, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने चौदा रुपयांच्या आत. बारीक नळीतले रक्त तिच्यावर बसवून दीड मिनिट फिरवले की जड तांबड्या पेशी बाहेरच्या टोकाला जमतात आणि पिवळसर द्रव वेगळा होतो. तांबड्या पेशींचा थर किती उंच आहे यावरून रक्तक्षय आहे की नाही ते समजते. पंधरा मिनिटे फिरवले तर हिवतापाच्या तपासणीलाही मदत होते.

हे खेळणे हजारो वर्षे लोकांच्या हातात होते. ते नीट कोणी पाहिले नव्हते, एवढेच.

इथे मला एक सावधगिरीची सूचना द्यायची आहे, आणि ती मोठ्यांसाठी आहे. हाताने केलेल्या खेळण्यांचे कौतुक करताना गरिबीचे कौतुक होऊ देऊ नये. पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागांतली कितीतरी कुटुंबे दर वर्षी ऊसतोडीला जातात. कारखान्याजवळच्या कोप्यांमध्ये राहणारी त्यांची मुले आजही चिपाडांच्या आणि चिंध्यांच्या वस्तू करून खेळतात. त्यांची छायाचित्रे पाहून ‘किती ही कल्पकता!’ असे म्हणणे सोपे आहे. त्या मुलांना कल्पकता आहे यात शंका नाही. पण त्यांना शाळाही हवी आहे, पुस्तकही हवे आहे आणि कधीतरी दुकानातली बाहुलीही हवी आहे. आपल्या हातांनी काही करून पाहणे ही निवड असावी, नाइलाज नसावा.

आता वाद तुमच्याशी. मोबाइलवर खेळू नका, असे मी म्हणणार नाही. पण तुम्ही नुसते खेळत राहता आणि आत काय आहे हे विचारत नाही, ही माझी तक्रार आहे. ‘स्क्रॅच’ नावाचे एक मोफत साधन २००७ पासून मुलांसाठी उपलब्ध आहे. त्यात दुसऱ्या मुलाने केलेला खेळ उघडून त्याचा आतला भाग पाहता येतो, बदलता येतो आणि बिघडवताही येतो. माझ्या दृष्टीने ते ज्वारीच्या गाडीचे सख्खे भावंड आहे. उलट लाकडी असूनही ज्याला हात लावू दिला जात नाही, अशा काचेच्या कपाटातल्या ‘पारंपरिक’ खेळण्याला मी त्या घराण्यात घेणार नाही. (आणि हो, बंद खेळणे उघडायचे असेल तर ते आधी मोठ्या माणसाला दाखवा. नाण्यासारख्या छोट्या बॅटऱ्या धाकट्या भावंडाच्या पोटात गेल्या तर आतून भाजते. विजेच्या फळीला जोडलेली वस्तू तर उघडूच नका.)

शाळांनाही दोन शब्द सांगतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर खेळण्यांतून शिकवण्याची चर्चा पुष्कळ वाढली आहे. चांगले आहे. पण खेळण्यांचे प्रदर्शन भरते, तेव्हा काय होते? आईने किंवा काकाने रात्री जागून केलेली वस्तू मुलगा टेबलावर मांडतो आणि पाहुणे फीत कापतात. मी परीक्षक असतो, तर प्रत्येक मुलाला एकच सांगितले असते : हे माझ्यासमोर मोडून पुन्हा जोड. अरविंद गुप्ता हे आयआयटीत शिकलेले इंजिनियर पुण्याच्या ट्रक कारखान्यात काम करीत. १९७८ साली ते मध्य प्रदेशातील होशंगाबादला, खेड्यांतल्या शाळांच्या विज्ञान कार्यक्रमात गेले. तेथे त्यांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या यांपासून जोडायचे-मोडायचे खेळणे तयार केले. चार काड्यांचा चौकोन दाबला की कलंडतो, पण तीन काड्यांचा त्रिकोण हलत नाही. पत्र्याच्या छपराखालच्या कैच्या त्रिकोणांच्या का असतात, हे सांगायला यानंतर फळ्याची गरज उरत नाही. या खेळण्याला खर्च जवळजवळ नाही आणि बक्षीसही नको.

ज्वारीच्या गाडीच्या चाकांची एक गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. दोन गाड्या करा. पहिलीत दोन्ही चाके आखेच्या काडीला घट्ट बसवा आणि काडी साट्याखाली सैल फिरू द्या. दुसरीत काडी साट्याला घट्ट बांधा आणि चाके काडीवर सैल ठेवा. सरळ ओढाल तेव्हा दोन्ही सारख्याच चालतील. मग त्यांना गोल वळवा. पहिली अडेल आणि तिचे एक चाक घासत जाईल, कारण वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचे असते आणि घट्ट आख दोघांना सारखेच फिरवते. आपल्या बैलगाडीची चाके आखेवर मोकळी फिरतात ती त्यासाठी. पण दौंड-मनमाड मार्गावर धावणाऱ्या रेल्वेगाडीच्या डब्याची चाके आखेला घट्ट बसवलेली असतात, तरीही ती वळणावर वळते! त्या चाकाची रुळावर टेकणारी बाजू सपाट नसते. आतून बाहेर ती किंचित उतरती होत जाते. कागदाचे चार पेले घ्या. दोन पेले तोंडाशी तोंड लावून चिकटवा आणि दोन बुडाशी बूड लावून. दोन लांब पट्ट्या समांतर ठेवून त्यांचे रूळ करा, एका बाजूने थोडे उचला आणि दोन्ही जोड्या आळीपाळीने सोडा. कोणती रुळावर टिकते आणि कोणती घसरून पडते, ते पाहून आम्हाला कळवा.